चारही चाकं ओढतात, थांबवतात टायर

नाताळच्या सुट्टीत गाडीनेच मनाली गाठायची, अशा बेताची पत्रं या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच आली. गाड्या वेगवेगळ्या आहेत, पण जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच : ‘गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे बर्फाची काळजी नाही ना?’ काळजी आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे कळावं म्हणून यावेळचं सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : माझ्याकडे बीएमडब्ल्यू एम ३४० आय एक्सड्राइव्ह आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्याहून मनाली, आणि रस्ता उघडा असेल तर अटल बोगद्यातून सिस्सूला जाऊन यायचा विचार आहे. बरोबर बायको, दोन मुलं आणि आई आहेत. एवढी ताकद आणि चारही चाकांना ड्राइव्ह असताना वेगळं काही करावं लागेल का? (वाघबीळ, घोडबंदर रोड)

उत्तर : तुमची गाडी शून्यावरून शंभरला ४.४ सेकंदांत जाते, टॉर्क ५०० न्यूटन मीटर आहे. बर्फावर या दोन्ही आकड्यांचा उपयोग नाही. मागची चाकं घसरू लागली की एक्सड्राइव्हचा क्लच क्षणार्धात ताकद पुढच्या चाकांकडे वळवतो, त्यामुळे गाडी बर्फातून सुटते आणि चढही चढते. हा फायदा खरा आहे. पण ब्रेक दाबल्यावर गाड्यांमधला फरक मिटतो. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, साध्या हॅचबॅकलाही. गाडी थांबते ती टायरचा रबर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर, आणि तिथे ऑल-व्हील ड्राइव्ह काही करू शकत नाही.

आकडे पाहा. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, साधारण ०.८ असतो, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२५ च्या आसपास आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर जेमतेम ०.१. ताशी ४० किलोमीटरवरून पूर्ण थांबायला कोरड्या रस्त्यावर सुमारे ८ मीटर लागतात, घट्ट बर्फावर २५ आणि गोठलेल्या थरावर ६३. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर यात आणखी ११ मीटर मिळवा. हा सपाट रस्त्याचा हिशेब झाला. शंभर मीटरला आठ मीटर उतार असेल, तर गोठलेल्या थरावर ताशी फक्त २० किलोमीटरवरून थांबायलाही जवळजवळ ८० मीटर लागतात, कारण ०.१ पकडीतली ०.०८ उतारच खाऊन टाकतो. उतार दहा मीटरचा असेल तर गाडी ब्रेकवर थांबतच नाही.

आता हे तुमच्या रस्त्यावर आणू. अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे आणि त्याची दोन्ही तोंडं तीन हजार मीटरच्या वर आहेत. मनाली सुमारे २,०५० मीटरवर. म्हणजे दक्षिण तोंडापासून मनालीपर्यंतच्या साधारण २५ किलोमीटरमध्ये तुम्ही हजार मीटर खाली उतरता. जाताना चढ असतो, गाडी मजेत ओढते, मागची मंडळी खूश असतात. त्याच रस्त्याने परतताना उतार असतो, ऊन कललेलं असतं आणि दुपारी वितळलेलं पाणी पुन्हा गोठू लागलेलं असतं. गाडीने चढताना दाखवलेल्या सहजतेवरून उतरण्याचा वेग ठरवला जातो, आणि बहुतेक अपघात तिथे होतात. सिस्सूहून दुपारी दोनच्या आत निघा. फोटो राहिले तर राहू देत.

बोगद्यातून बाहेर पडताना विशेष जपा. आत रस्ता कोरडा, दिवे स्वच्छ, त्यामुळे वेग आपोआप वाढतो. तोंडाशी एकदम बर्फ किंवा ओला गोठलेला पट्टा येतो. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्येच वेग तीसच्या खाली आणा. पूल आणि डोंगराच्या सावलीतली वळणं सर्वांत आधी गोठतात आणि सर्वांत शेवटी मोकळी होतात. रस्ता नुसता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाहीये, असं दिसलं तर ते पाणी नाही, बर्फ आहे.

मोड ‘स्पोर्ट’वर नको, ‘कम्फर्ट’ किंवा ‘इको प्रो’वर ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर मऊ होतो आणि गिअर लवकर वर जातो. उतारावर पॅडल ओढून मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर धरा, पण तो उतार सुरू होण्याआधी. घसरणीत असताना एकदम खालचा गिअर टाकला की इंजिनाचा झटकाच चाकांची पकड तोडतो. इंजिनाने वेग रोखण्यात मात्र तुमच्या गाडीला खरा फायदा आहे, तो रोध चारही चाकांत वाटला जातो. डीएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी स्थिरता यंत्रणा, पूर्ण बंद करू नका. बटण एकदा हलकं दाबलं की डीटीसी हा तिचाच सैल मोड लागतो, त्यात चाकांना थोडं घसरायची मुभा मिळते. भुसभुशीत बर्फात अडकलेली गाडी सोडवायला तेवढं पुरतं.

शेवटचं : बर्फ पडला की पोलीस सोलंगला, कधी त्याआधी नेहरू कुंडाजवळच, गाड्या थांबवतात आणि फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. बर्फ फार असेल तर कोणालाच नाही. तुमची गाडी त्या नियमात बसेल, पण तिच्यावर मुंबईतलेच उन्हाळी टायर असतील तर पोलिसांनी सोडलं तरी तुम्ही जाऊ नका. सोलंगला गाडी लावून स्थानिक जीप करा. आईंना घेऊन जाताना हाच मार्ग आम्ही सुचवू.

प्रश्न : गेल्या वर्षी सोलंगच्या उतारावर माझी क्वाट्रो (ऑडीची ऑल-व्हील ड्राइव्ह) ब्रेक दाबूनही सरळ पुढे घसरत गेली. ब्रेकचं पॅडल पायाखाली थरथरत होतं, करकर आवाज येत होता. घाबरून पाय काढला. नंतर इथल्या गॅरेजमध्ये पॅड, डिस्क, ऑइल सगळं तपासलं, दोष सापडला नाही. मग झालं काय? (नेरूळ)

उत्तर : दोष नव्हताच. ती थरथर म्हणजे एबीएस होतं. चाक जाम होऊ लागलं की ते सेकंदाला अनेकदा ब्रेकचा दाब सोडतं आणि परत देतं, म्हणून पॅडल धडधडतं. पाय काढणं ही एकच चूक झाली. पॅडल दाबून ठेवायचं, जोरात आणि सलग, कारण एबीएसमुळेच स्टिअरिंग ऐकत राहतं.

एबीएसची एक मर्यादा मात्र माहीत हवी. ताज्या भुसभुशीत बर्फावर जाम झालेलं चाक पुढे बर्फाचा ढीग लोटतं आणि त्या ढिगानेच थांबतं. एबीएस चाक फिरतं ठेवतं, त्यामुळे ढीग तयार होत नाही आणि अंतर वाढतं. म्हणून ताज्या बर्फात पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यापेक्षा किमान चौपट अंतर ठेवा.

गाडी सरळ पुढे घसरतेय आणि वळत नाहीये, अशा वेळी हात आपोआप स्टिअरिंग आणखी पिळतात. त्याने चाकं आडवी होतात आणि पकड उरतच नाही. उलट करा : अ‍ॅक्सिलरेटर हळू सोडा, स्टिअरिंग थोडं सरळ करा, चाकं परत धरू लागल्याचं हाताला जाणवतं, मग पुन्हा हळूच वळवा. नजर दरीकडे किंवा समोरच्या गाडीकडे नको, जिथे जायचंय तिथे ठेवा, हात नजरेमागे जातात. मागचा भाग बाहेर निघाला तर तो ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टिअरिंग वळवा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडा. ‘ताकद दिली की क्वाट्रो ओढून काढते’ हे घसरड्या उतारावर विसरा. तिथे ताकद दिली की चारही चाकं एकदम घसरतात, आणि मग सावरायला एकही चाक उरत नाही.

प्रश्न : हिवाळी टायर घ्यावेत का? गाडीला पुढे २२५/४० आर १९ आणि मागे २५५/३५ आर १९ आहेत. टायरवाला म्हणतो, फक्त मागचे दोन बदला, ड्राइव्ह तिथेच जास्त आहे. (खारघर)

उत्तर : टायरवाल्याचं ऐकू नका. दोनच बदलले की एका टोकाला पकड, दुसऱ्या टोकाला घसरण. मागे चांगले आणि पुढे उन्हाळी असतील तर गाडी वळणार नाही, उलट केलं तर मागचा भाग फिरेल. बदलायचे तर चारही.

तुमच्याकडे आहेत ते उन्हाळी टायर. त्यांचा रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातो, नक्षी पूर्ण असली तरी रस्ता धरत नाही. ठाण्या-पनवेलला थंडीत पहाटेही पारा क्वचितच इतका उतरतो, म्हणून इथे हे कधी जाणवतच नाही. हिवाळी टायरचा रबर थंडीतही मऊ राहतो आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला चावतात, आणि चिरांत अडकलेला बर्फ खालच्या बर्फाला चिकटून पकड देतो.

ओळखायची खूण एकच : टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ही खूण बर्फावर चाचणी पास झाल्यावरच मिळते. नुसती ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं म्हणजे चिखल आणि बर्फासाठीची नक्षी, असं कंपनीने स्वतः म्हटलेलं असतं. त्यावर विसंबू नका.

मापाचं पाहा. पुढच्या टायरचा व्यास साधारण ६६३ मिलिमीटर येतो, मागच्याचा ६६१. रुंदी वेगळी असली तरी व्यास जवळजवळ सारखा, कारण चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू लागली तर मधला क्लच सतत काम करून तापतो. म्हणून दोन नवे आणि दोन झिजलेले, ही जोडी या गाड्यांना वाईट. नक्षीत ४ मिलिमीटरचा फरक म्हणजे व्यासात ८. बर्फासाठी रुंद टायरपेक्षा अरुंद बरा, तो बर्फ कापून खाली जातो. चारही चाकांना २२५/४५ आर १८ घेतला तर व्यास ६६० येतो, म्हणजे हिशेबात बसतो. फक्त दोन गोष्टी तपासा : हे माप तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत मंजूर आहे का, आणि १८ इंची रिम पुढच्या मोठ्या ब्रेक कॅलिपरवर बसते का. रिम हाताने फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तरीही आमचा सल्ला तुम्हाला थोडा वेगळा आहे. ठाणे ते मनाली जवळजवळ १,९०० किलोमीटर आहे. त्यातले गुजरात-राजस्थानातले हजारभर किलोमीटर २५-३० अंशांत जातात. तिथे शुद्ध हिवाळी टायर भराभर झिजतात, वळणात लुळे वाटतात आणि ब्रेकचं अंतर वाढवतात. वर्षातून एकदाच जाणार असाल तर तीन शिखरांची खूण असलेले ऑल-सीझन टायर शोधा. बर्फावर ते हिवाळी टायरच्या मागे, पण उन्हाळीच्या कितीतरी पुढे. आपल्याकडे हे सहज मिळत नाहीत, मागवावे लागतात, तेव्हा दिवाळीच्या आधीच चौकशी सुरू करा. घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा : ३८२४ म्हणजे २०२४ चा ३८ वा आठवडा. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर पुरते, बर्फावर ४ च्या खाली गेलेला टायर गोटाच समजा.

प्रश्न : हिमाचलात भाड्याने चेन मिळतात म्हणे. मग विकत कशाला घ्यायच्या? आणि ऑल-व्हील ड्राइव्हला कुठल्या चाकांना लावायच्या? (ऐरोली)

उत्तर : भाड्याच्या चेन जाड कड्यांच्या, बहुतेक छोट्या गाड्यांच्या किंवा जीपच्या मापाच्या असतात. तुमच्या गाडीचे टायर रुंद, चाकाच्या कमानीत जागा कमी, आणि आतल्या बाजूला शॉक अ‍ॅब्सॉर्बर टायरपासून बोटभर अंतरावर. सैल चेन फिरताना नेमकी तिथे आपटते. एबीएस सेन्सरची वायर तुटते, ब्रेकची नळी घासते, रिम खरवडते. वायर तुटली की एबीएस आणि स्थिरता नियंत्रण दोन्ही जातात, आणि तेही नको त्या वेळी. म्हणून स्वतःच्या मापाच्या, बारीक कड्यांच्या, ७ किंवा ९ मिलिमीटरवाल्या चेन घ्या. पुस्तिकेत तुमच्या टायरच्या मापाला चेन चालतच नाही असं लिहिलं असेल, तर कापडी ‘स्नो सॉक’ हा पर्याय आहे. तो चढवायला पाच मिनिटं लागतात, पण डांबरावर थोडं अंतर जरी चालवला तरी फाटतो.

कुठल्या चाकांना, याचं उत्तर गाडीगणिक बदलतं. ऑडी क्वाट्रोच्या पुस्तिका पुढच्या चाकांना सांगतात, बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्ह सेडानच्या मागच्या. तुमच्या पुस्तिकेत ‘स्नो चेन’ शोधा आणि तेच करा. नेहमी जोडीने लावायच्या, एकाच चाकाला कधीच नाही. वेग ताशी ५० च्या वर नको, आम्ही तर तीसच म्हणू.

पहिल्यांदा लावायचा सराव इथेच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये करा, एकदा दिवसा आणि एकदा टॉर्चच्या उजेडात. चेन जमिनीवर पसरून गुंतलेल्या कड्या सोडवा आणि हुकची टोकं टायरपासून बाहेरच्या बाजूला आहेत ना ते बघा, आत वळलेला हुक टायर कापतो. आतली कडी टायरच्या मागून सरकवून वर आणा आणि आधी तीच जोडा, मग बाहेरची, मग ताण देणारी साखळी ओढून अडकवा. उरलेलं टोक लोंबकळत ठेवू नका. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून चेन कुठे टेकते का ते हाताने चाचपा, इंजिन बंद ठेवूनच. बर्फात लावल्यावर ५० ते १०० मीटर हळू चालवून थांबा आणि पुन्हा ताण द्या. पहिल्या काही फेऱ्यांत चेन सैल होतेच, आणि लोक नेमकी हीच पायरी सोडतात. डांबर दिसलं की काढा.

बरोबर रबरी हातमोजे, गुडघ्याखाली टाकायला जुनी योगा मॅट आणि डोक्याला लावायचा दिवा घ्या. उणे पाच अंशांत उघड्या बोटांनी लोखंडी कडी दोन मिनिटंही धरवत नाही.

प्रश्न : जाण्यापूर्वी इथे सराव कसा करावा? पाम बीच रोड रात्री मोकळा असतो. (सानपाडा)

उत्तर : सार्वजनिक रस्त्यावर मुळीच नाही. मालकाच्या परवानगीने एखादं मोकळं, ओलं किंवा चिखलाचं मैदान मिळालं तर ताशी २५-३० वर ब्रेक पूर्ण दाबा आणि एबीएसची थरथर पायाला ओळखीची करून घ्या. दहा वेळा केलं की बर्फात पाय काढला जाणार नाही. बाकीचा सराव रोजच्या गर्दीत होतो : समोर सिग्नल दिसला की किती आधी पाय उचलून ब्रेकशिवाय वेग कमी करता येतो, हे आठवडाभर करून पाहा. बर्फावरची गाडी अशीच चालवायची असते.

प्रश्न : रात्रभर उणे तापमानात गाडी उभी राहणार. बॅटरी, पाणी, हँडब्रेक याचं काय? आणि थंडीत टायरमधली हवा किती ठेवायची? गाडी पेट्रोल आहे. (पाचपाखाडी)

उत्तर : बॅटरी आधी बघा. ती मरते आपल्या उन्हाळ्यात, पण ते कळतं थंडीत. ठाण्यात मेमध्ये बोनेटखाली तापून तिची आतली झीज होते, इथे कशीबशी सुरू होत राहते, आणि शून्याखाली जेव्हा इंजिनाला जास्त जोर लागतो तेव्हा तिची ताकद निम्म्यावर येते. तीन वर्षांच्या वरची असेल तर निघण्यापूर्वी लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन तपासणी, करून घ्या. नुसता व्होल्ट पाहून भागत नाही, रात्रभर उभ्या गाडीत १२.६ दाखवणारी बॅटरीही लोडखाली कोसळू शकते. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत बदलताना एजीएम प्रकारचीच घ्या आणि गाडीच्या संगणकात तिची नोंद करायला सांगा.

कूलंट. आपल्याकडे टाकी कमी दिसली की गॅरेजवाला साधं पाणी ओततो, तीन-चारदा झालं की मिश्रण पातळ होतं. अर्धं ग्लायकोल आणि अर्धं पाणी असेल तर ते उणे ३५ अंशांच्याही खाली टिकतं, पण ग्लायकोल पाव भागावर आलं तर उणे १२ च्या आसपासच बर्फ धरू लागतो. तपासायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो, छोट्या दुर्बिणीसारखा. त्याच्या काचेवर थेंब टाकला की निळी रेघ थेट तापमान दाखवते. हे काम दोन मिनिटांचं आहे, समोर उभं राहून करून घ्या.

वायपरच्या टाकीतलं पाणी गोठलं की पंप फुटतो. निघण्यापूर्वी ती रिकामी करा आणि मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं भरा, उणे १५ अंशांपर्यंत चालतं. ज्वलनशील आहे, भरताना जवळ सिगारेट नको. भरल्यावर दोन-तीनदा फवारा मारा, म्हणजे नळीत उरलेलं जुनं पाणीही निघून जाईल. वायपर रात्री उभे करून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी टाकू नका, तडा जातो. प्लास्टिकच्या खरवडणीने बर्फ काढा आणि छतावरचाही झाडा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो पूर्ण थर सरकून समोरच्या काचेवर येतो.

हँडब्रेक ओला असताना ओढून ठेवला तर पॅड डिस्कला गोठून चिकटतात. सपाट जागी ‘पी’त ठेवा, चाकामागे दगड लावा. इलेक्ट्रिक हँडब्रेक इंजिन बंद करताच आपोआप लागत असेल, तर तो न लागण्याची पद्धत पुस्तिकेत असते, ती इथेच पाहून ठेवा.

आता हवा. ठाण्यात ३२ अंशांवर ३३ पीएसआय भरलीत आणि मनालीत सकाळी उणे ५ झाले, तर नुसत्या थंडीने साधारण ६ पीएसआय घटतात. पण तिथे बाहेरच्या हवेचा दाबही कमी असतो, म्हणून मीटर त्यातले तीनेक परत दाखवतो. वाचन ३० च्या जवळ येतं आणि डॅशवर टायरचा पिवळा दिवा लागू शकतो. टायर पंक्चर नाही, घाबरू नका. दारावरच्या स्टिकरवर दिलेला आकडा तिथल्या थंड टायरमध्ये भरा. बर्फासाठी हवा मुद्दाम कमी करणं जीपच्या उंच टायरला ठीक आहे, तुमच्या चपट्या टायरला नाही, खड्ड्यात रिम वाकते. परतताना चंदीगडच्या खाली आलात की पुन्हा तपासा, आता ती दोन-तीन पीएसआय जास्त दिसेल.

प्रश्न : मुलगी आणि जावई मॉन्ट्रियलला असतात. त्यांनी वापरलेली ऑडी एस ४ घेतली. जावई म्हणतात, क्वाट्रो आहे, हिवाळी टायरचा खर्च कशाला? (वाशी)

उत्तर : क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत, आणि त्यातून ऑल-व्हील ड्राइव्हला सूट नाही. तीन शिखरांची खूण तिथे बघितली जाते. जावयांना हेही सांगा की दोन वेगळे रिम-संच ठेवले तर दर हंगामाला टायर रिमवरून काढावे लागत नाहीत आणि दोन्ही संच जास्त वर्षं टिकतात. तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून हिवाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी गाडीचा तळ धुऊन घ्यायला हवा. धुतल्यावर लगेच उभी करू नये, थोडी चालवून ब्रेक कोरडे करावेत.

प्रश्न : सेडान खाली टेकून बर्फात अडकली तर काय करायचं? एसयूव्हीसारखी उंची नाही ना तिला. (कळवा)

उत्तर : बर्फाची जाडी गाडीच्या तळाच्या उंचीएवढी झाली की तळ बर्फावर तरंगतो, चाकांवर वजनच येत नाही, आणि मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागची हलत नाही. म्हणून बर्फ टायरच्या रबराच्या उंचीपेक्षा जास्त दिसला तर पुढे जाऊच नका.

अडकलात तर पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटर सोडा. फिरणारं चाक खालचा बर्फ वितळवून गुळगुळीत करतं आणि दर सेकंदाला खड्डा खोल होतो. स्टिअरिंग सरळ करा. खाली उतरून चाकांच्या पुढचा-मागचा आणि तळाखालचा बर्फ छोट्या फावड्याने काढा. ज्या वाटेने आत आलात त्याच चाकोरीतून मागे निघायचा प्रयत्न आधी करा, ती दाबलेली असते. चाकाखाली वाळू टाका, नसेल तर पायातल्या मॅट उलट्या करून घाला. त्या वेळी मागे कोणी उभं नको, मॅट गोळीसारखी उडते. ट्रॅक्शन कंट्रोल अर्धं सैल करा आणि अगदी हलक्या पायाने निघा. दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा आणि ओढून घ्या.

ओढायचा हुक टूलकिटमध्ये असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे पिळून बसवतात. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. तो आहे का आणि बसतो का, हे ठाण्यातच करून पाहा. यातल्या काही गाड्यांना स्टेपनी नसते. टायर रन-फ्लॅट असतील तर हवा गेल्यावर ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं, नसतील तर पंक्चर किट आणि हवेचा पंप डिकीत हवाच.

आणि वाहतूक अडकून बर्फात तासन्‌तास बसावं लागलं तर हे विसरू नका : सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, माणूस झोपेतच जातो. हीटरसाठी इंजिन सुरू ठेवण्याआधी दर वेळी मागे जाऊन सायलेन्सर मोकळा करा, वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, तासात दहा मिनिटंच इंजिन चालवा, आणि सगळे एकाच वेळी झोपू नका.